गृहिणीचें पादत्राण

मृगाचा पाऊस लागण्यापूर्वीं आमच्या भागांत प्रत्येक घर आपापली तयारी करून घेतें. घरें शाकारलीं जातात, लांकूडफांटा आडोशास जातो, छत्र्यांच्या मोडक्या काड्या दुरुस्त होतात, पुरुषांचे गमबूट माळ्यावरून खालीं येतात. घरच्या बायकांच्या पायांत काय असावें, हा प्रश्न मात्र या तयारींत कधीं निघत नाहीं. आमच्या घरींही तो चाळीस वर्षें निघाला नव्हता. निघाला तो एका बोटाची किंमत देऊन. ती हकीकत, आणि तिच्यापायीं आम्हांस झालेलें थोडेंबहुत ज्ञान, ज्या घरांत दोन-तीन सुना नांदतात अशा घरांतील वडील मंडळींपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

आमचें बिऱ्हाड महाड तालुक्यांत, तळीयेच्या पंचक्रोशींतील एका वाडीवर आहे. २०२१ सालच्या जुलैची २२ तारीख या भागांतील कोणी विसरणार नाहीं. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. वर महाबळेश्वरास एका दिवसांत ५५० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, खालीं सावित्रीच्या पुरानें महाड शहर बुडालें, आणि त्याच सायंकाळीं तळीयेस डोंगर सुटून वस्ती गाडली गेली. ८० हून अधिक माणसें गेलीं. त्याविषयीं लिहिण्याची ही जागा नव्हे, व आमच्या लेखणीस तें बळही नाहीं. पुढचे कांहीं दिवस आजूबाजूच्या वाड्यांतून ज्याला जें जमेल तें, भाकरी, पिठलें, सुकीं वस्त्रें, तिकडे पोंचविलें जात होतें. आम्ही उभयतांही जात होतों. आम्ही पुढें, पायांत नोकरीच्या काळांत घेतलेले गमबूट, सौ. मागें, डोक्यावर टोपली, आणि चिखलांत रुतते म्हणून चप्पल हातांत.

वाटेंत एकदां ती म्हणाली, "अहो, माझ्या पायाचे असले मिळत नसतील का हो?"

आम्ही म्हणालों, "बायकांनीं बूट घालून खाडखाड चालायचें तेवढें राहिलें आहे आतां!" तिनें पुन्हां विचारलें नाहीं.

श्रावणांत तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. दरवर्षीं होतात तशाच, म्हणून मेंदीचा पाला वाटून लावला, मुठेल पातळ करून भरलें. पण सौ. ला मधुमेह होऊन दहा वर्षें झालेलीं. पायाला ठेंच लागली तरी तिला कळेनाशी झाली होती. बेचक्यांतली चीर चिघळून काळी पडली तेव्हां आम्ही जागे झालों. भाद्रपदांत डाव्या पायाचें करंगळीशेजारचें बोट काढावें लागलें. डॉक्टर आमच्याकडे पाहून एवढेंच म्हणाले, "मास्तर, यांना अनवाणी कां फिरूं दिलेंत?" मुलांना प्रश्न विचारण्यांत आमचा जन्म गेला, त्या दिवशीं आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

घरीं आल्यावर आम्हांस अनुशासनपर्वांतील रेणुकेची कथा आठवली. वर्गांत ती कितीदां सांगितली असेल! जमदग्नि बाण सोडीत आहेत, रेणुका ते धांवत जाऊन आणीत आहे, ज्येष्ठांतील ऊन तापलें आहे. पाय व मस्तक पोळल्यामुळें ती झाडाच्या सावलींत क्षणभर थांबली व तिला उशीर झाला. ऋषि सूर्यावरच बाण रोखतात, आणि सूर्य शरण येऊन छत्र व उपानह देतो. म्हणजे आमच्याच परंपरेच्या सांगण्याप्रमाणें पृथ्वीवरील पहिली वहाण एका गृहिणीच्या पायांसाठीं आली. 'वहाण' हा शब्दही त्या 'उपानह्' चाच वंशज आहे. आणि गंमत अशी, कीं एकोणिसाव्या शतकांत काशीबाई कानिटकर व आनंदीबाई जोशी या दोघी हींच दोन वस्तु, म्हणजे पायांत बूट व हातांत छत्री, घेऊन रस्त्यानें निघाल्या, तेव्हां लोकांनीं त्यांस दगड मारले. दगड मारणाऱ्यांना आम्हीं आजवर नांवें ठेवीत आलों. आमच्या त्या 'खाडखाड' शब्दाची जात निराळी होती असें आतां म्हणवत नाहीं.

पुढल्या वैशाखांत सौ. व थोरल्या सूनबाईंस घेऊन आम्ही बाजारांत गेलों. सूनबाई प्राथमिक शाळेंत शिक्षिका आहेत. ओढा ओलांडून दोन मैल जातात. दुकानदारानें सहा नंबरापासून पुढचे बूट दाखविले. लहान माप मागतांच तो म्हणाला, "मास्तर, बायकांचे वेगळे नसतात. सहा घ्या आन् पुढं कापूस कोंबा." आम्हीं तसें केलें, आणि पहिल्याच आठवड्यांत सूनबाई शेवाळलेल्या पायरीवर आपटल्या. बूट चिखलांत राहिला, पाय बाहेर आला!

नंबर म्हणजे काय, हें तेव्हां आम्हीं शोधून काढलें. आपल्याकडे चालतो तो विलायती नंबर जवाच्या दाण्यावर बसविला आहे. तीन दाण्यांचा एक इंच, म्हणजे दर नंबरास इंचाचा तिसरा हिस्सा. कौटिल्यानेंही आठ यवांचें एक अंगुल सांगितलें आहे. त्याचा यव रुंदीनें मोजलेला, साहेबाचा लांबीनें, एवढाच भेद. सूनबाईंचा नंबर चार. सहाच्या बुटांत तिचा पाय पाऊण इंचाला थोडा कमी इतका मागेंपुढें सरकत होता. टाच उचलली कीं बूट उचलत नाहीं. चिखल तो धरून ठेवतो. कापूस भरून लांबी कमी होते, टांचेची पकड येत नाहीं.

म्हणून प्रथम पाय मोजावा. सायंकाळीं, दिवसभराच्या कामानें पाय किंचित् सुजलेला असतो तेव्हां, पावसाळ्यांत घालावयाचा मोजा चढवून, कागदावर उभें राहून भोंवती पेन्सिल फिरवावी. आम्हीं जुन्या हजेरीपत्रकाच्या कोऱ्या पानांवर घरांतील तिघींचे पाय काढले. एका घरांत किती तऱ्हेचे पाय असतात! धाकट्या सूनबाईंचा पाय लांब व अरुंद, थोरलींचा आंखूड व पंजाशीं रुंद. रुंदीचा विचार न करतां नुसत्या लांबीवर बूट घेतला तर करंगळी दाबली जाते. पोटरीचा घेरही दोरीनें मोजावा. पुरुषांच्या बुटाचा गळा बहुधा सैल पडतो व पावसाचें पाणी वरून आंत उतरतें. शेवटीं मुलानें बायकांच्या मापाचे बूट टपालानें मागविले.

मालाविषयीं आमचें मत असें. प्लास्टिकचा बूट स्वस्त व हलका, परंतु गारठ्यांत ताठर होतो आणि ओल्या दगडावर घसरतो. रबराचा जड व महाग. पण मऊ, आणि दगड धरून ठेवणारा. घसरण्याचें भय जेथें नाहीं तेथें, गोठ्यांत किंवा अंगणांत, प्लास्टिक चालेल. ओढ्याच्या वाटेवर रबरच हवें. तळाच्या खांचा खोल व एकमेकींपासून दूर असाव्या. बारीक नक्षींत चिखल बसला कीं तळ गुळगुळीत होतो. उंची पोटरीच्या मध्यापर्यंत पुरे. गुडघ्यापर्यंतचा बूट लुगड्यास अडतो व चढणीवर जड होतो. बुटाच्या कांठाहून वर पाणी असेल तेथें मात्र शिरूंच नये; भरलेला बूट प्रवाहांत पायाला बेडीसारखा होतो.

बूट घेतला म्हणजे पाय कोरडा राहिला, हा मात्र भ्रम आहे. जो बाहेरचें पाणी आंत घेत नाहीं तो आंतला घामही बाहेर सोडीत नाहीं. पहिल्या महायुद्धांत, ज्या युद्धावर आमच्याच तालुक्यांतील फौजी आंबवड्याचे जवान गेले होते, पश्चिम आघाडीवरील सैनिकांचे पाय खंदकांतील पाण्यानें सडूं लागले. त्या व्याधीस पाणी गोठण्याइतकी थंडी लागत नाहीं. ओल, गारवा व घट्ट जोडा एवढें पुरतें. पाय पुसून मोजे बदलीत राहणें हा त्यावरील मुख्य उपाय ठरला. सूनबाई पिशवींत मोज्यांची दुसरी जोडी नेतात. घरीं आल्यावर बुटांत रद्दी कोंबून ते वाऱ्यावर ठेवावे. चुलीजवळ ठेवल्यास रबर तडकतें. घालण्यापूर्वीं उलटे करून आपटावे. ज्या तालुक्यांत डॉ. हिंमतराव बावसकर यांनीं विंचूदंशाच्या उपचारांत आयुष्य वेंचलें व २०२२ सालीं पद्मश्री मिळविली, तेथील रहिवाशास याचें कारण सांगावयास नको.

लावणीस मात्र बुटांचा उपयोग नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. चिखलणी केलेल्या खाचरांत बूट रुततो, निघत नाहीं. बायका अनवाणीच उतरतात. जनावरांच्या व उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोचा जंतु पायाच्या बारीक चिरेंतून आंत शिरतो. तेव्हां जिच्या पायास जखम असेल तिला खाचरांत उतरवूंच नये, व इतरांनीं वर येतांच पाय साबणानें धुवावे. आमच्या घरीं लावणीच्या दिवसांत सौ. आतां बांधावर बसून मूठ बांधून देते.

घरांतील वृद्ध मातुश्रींनीं, बूट तुळशीपाशीं यावयाचे नाहींत, अशी एकच अट घातली. ती सर्वांस मान्य झाली. पडवींत खुंट्यांवर आतां चार जोड उलटे टांगलेले असतात. त्यांत आमचा सर्वांत जुना व टांचेशीं तडकलेला. रोज दिवेलागणीस सौ. पाय पुढें करते व आम्ही चष्मा लावून बोटांच्या बेचक्या तपासतों; तिला तिथलें कांहीं कळत नाहीं, म्हणून तें काम आम्हांकडे आहे. डाव्या बुटांत गेलेल्या बोटाच्या जागीं लोंकरीचा लहानसा बोळा ठेवावा लागतो, नाहींतर शेजारचें बोट त्या बाजूस कलतें. तोही आम्हीं बसवूं गेलों, तर सौ. म्हणाली, "राहूं द्या हो, तेवढें मला जमतें."