गंधार नसलेली गिटार

आयरिश जिगचा हिशेब सोपा आहे. आठ आवर्तनांचा पहिला भाग, तो दोनदा. आठ आवर्तनांचा दुसरा भाग, तोही दोनदा. प्रत्येक आवर्तनात सहा मात्रा, तीन-तीनाच्या दोन गटांत. नेहमीच्या लयीत हे सगळं पाऊण मिनिटाच्या आत आटोपतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दोन-तीन वेळा झालं की न थांबता दुसरी धून, मग तिसरी. आलाप नाही, विस्तार नाही, ताना नाहीत, शब्द तर नाहीतच. मुळात हे नाचाचं संगीत, फरशीवर बुटांच्या टाचा वाजाव्यात म्हणून रचलेलं.

मग ते ऐकताना माझा गळा का दाटून येतो?

लहानपणी हार्मोनियम शिकले, गांधर्व महाविद्यालयाच्या सुरुवातीच्या परीक्षाही दिल्या. त्यामुळे रडू येण्याबद्दलच्या माझ्या अपेक्षा ठरलेल्या होत्या. विलंबित लय हवी, एखादा कोमल स्वर हवा, तो आधी लांबून दाखवून मग हळूच जवळ आणायला हवा. गाणं असेल तर शब्दांनीही थोडा हातभार लावावा. नोकरीनिमित्त लिमरिकला आले आणि शेजारच्या क्लेअर परगण्यातल्या पबांमधून ‘सेशन’ ऐकू लागले, तेव्हा यातलं काहीच तिथे नव्हतं. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सहा-सात माणसं बसलेली, त्यातल्या निम्म्यांची पाठ आपल्याकडे. मंच नाही, निवेदन नाही. गावच्या भजनी मंडळात जसं एकानं अभंग धरला की बाकीचे आपोआप उचलतात, तसं इथेही एक फिडलवाला काहीतरी सुरू करतो, ज्यांना येतं ते सामील होतात, ज्यांना येत नाही ते बिअरचा घोट घेतात. धुनेचं नाव विचारावं तर वाजवणाराच खांदे उडवतो. आणि त्या गोंगाटात, एकीकडे रग्बीची मॅच चालू असताना, कुठल्या तरी तिसऱ्या आवर्तनाला मला एकदम आवंढा येतो.

इथल्या लोकांना विचारलं की एक उत्तर तयार असतं: दुष्काळ. 1845 ते 1852 या वर्षांत बटाट्याचं पीक सडलं, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. ही जखम खरी आहे, पण उत्तर म्हणून ती मला पटत नाही. दुःखामुळे संगीत दुःखी होतं, इतकं सरळ असतं तर जगातल्या बहुतेक लोकांना नुसती विलापगीतंच आली असती. शिवाय मला कंठ दाटून आणणाऱ्या कितीतरी धुना चक्क आनंदी आहेत. सूर आनंदाचे, लय उड्या मारणारी, आणि तरीही.

देशांतराचं मात्र मी पूर्ण नाकारत नाही, कारण त्याला पुरावा आहे. फ्रान्सिस ओनील हा कॉर्क परगण्यातला मुलगा घर सोडून निघाला, जहाजांवर खलाशी झाला, शेवटी शिकागोच्या पोलीस खात्यात शिरला आणि तिथला प्रमुख झाला. त्या शहरात येऊन पडलेल्या आयरिश लोकांकडून त्यानं धुना गोळा केल्या. 1907 साली निघालेल्या त्याच्या ‘द डान्स म्युझिक ऑफ आयर्लंड’ या संग्रहात 1001 धुना आहेत आणि वादक आजही त्या पुस्तकाला मान देतात. स्लायगोच्या मायकेल कोलमनच्या फिडलच्या तबकड्या 1920च्या दशकात निघाल्या, त्याही न्यूयॉर्कमध्ये. म्हणजे गावचं संगीत परदेशात जपलं गेलं आणि तिथून गावाकडे परत आलं. परदेशात राहणाऱ्या माणसाला हे ऐकायला बरं वाटतं, एवढं मी कबूल करते.

पण ऐकून कळेना म्हणून शिकायला गेले. भाड्यानं एक फिडल घेतलं. फिडल म्हणजे व्हायोलिनच, वेगळं वाद्य नाही. गजाला राळ लावायला शिकले. वर्गात माझ्या शेजारी दहा वर्षांचा मुलगा बसतो आणि माझ्यापेक्षा खूप बरं वाजवतो. शिकवणाऱ्या बाईंना सगळे नावानं हाक मारतात. माझ्या तोंडून त्यांचं नुसतं नाव निघत नाही आणि ‘बाई’ म्हटलं तर त्यांना कळायचं नाही. म्हणून मी हाकच मारत नाही, नजरेला नजर होण्याची वाट बघते.

शिकवण्याची रीत मात्र ओळखीची निघाली. कागद नाही. बाई दोन आवर्तनं वाजवतात, आम्ही वाजवतो. चुकलं की त्या काही बोलत नाहीत, फक्त पुन्हा वाजवतात. आधी गुणगुणायचं, मग बोटं. पहिली जिग शिकवली ती ‘द केश’, इथल्या बहुतेक नवशिक्यांच्या वाट्याला येणारी. बॉथी बँड या आयरिश वाद्यवृंदाच्या 1975च्या पहिल्या तबकडीची सुरुवात याच धुनेनं होते. मी ती मन लावून ऐकून गेले आणि वर्गात त्या वेगानं वाजवायचा प्रयत्न केला. बाईंनी हातानं खूण केली: सावकाश.

अलंकारांना इथे ‘कट’ आणि ‘रोल’ म्हणतात. कट म्हणजे आपला कणस्वर, जवळजवळ तसाच. रोलमध्ये मूळ स्वर, वरचा, पुन्हा मूळ, खालचा आणि पुन्हा मूळ, असे पाच स्वर एका गजात येतात. मला वाटलं, ही तर मुरकी. पण तशी वाजवली की ते गोड होतं, आणि बाईंना गोड नको असतं. त्यांना रोलमध्ये स्वर ऐकू यायला नको आहेत, लयीचा धक्का ऐकू यायला हवा आहे. डाव्या हातानं वाजवलेला ढोलच तो. हे समजलं, पण बोटांपर्यंत अजून पोचलेलं नाही.

एका धुनेत षड्ज ‘डी’ होता. गंधार कोमल घ्यायचा की शुद्ध, ते मला कळेना. बाई जो वाजवत होत्या तो दोन्हींच्या मध्ये होता. मी फोनवरचं ट्यूनर ॲप लावून पाहिलं, तर ते लाल होऊन बसलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, क्लेअरमधले जुने वादक असाच वाजवायचे. निषादाचंही तसंच. पियानो आणि अकॉर्डियन आले तसे हे मधले स्वर मागे पडत गेले, पण फिडलवर बोट ठेवायला पट्टी नसते, तेव्हा तिथे ते टिकले. हार्मोनियम शिकलेल्या माझ्या कानाला हा स्वर आधी बेसूर वाटला. मग घरी दुसरं काही करताना तोच आठवत राहिला. आनंदी धुनेतही तो गंधार कुठल्याच बाजूला पूर्ण झुकत नाही. आनंदाचं नक्की केलंय असं वाटत असतानाच तो जरा मागे येतो.

आता गिटारीकडे. ही पाहुणी उशिरा आली. शतकानुशतकं फिडल एकटंच वाजत होतं, साथीला फार तर दुसरं फिडल किंवा बासरी. न्यूयॉर्कच्या जुन्या तबकड्यांत पियानोची साथ आहे आणि ती कित्येकदा इतकी चुकीची की ऐकणाऱ्याला वादकाची दया यावी. गिटार खऱ्या अर्थानं रुजली ती 1970च्या दशकात, आणि त्यात बॉथी बँडच्या मीहॉल ओ डॉनलचा वाटा मोठा. फिडलवादक केव्हिन बर्कबरोबर त्यानं केलेल्या ‘प्रॉमेनाड’ (1979) आणि ‘पोर्टलंड’ (1982) या तबकड्या आमच्या घरी सध्या सतत चालू असतात, कारण माझ्या नवऱ्यानं कॉलेजातली गिटार पुन्हा बाहेर काढली आहे.

तो मोठ्या उत्साहानं एका सेशनला गेला होता, हिंदी गाण्यांवर कमावलेल्या सगळ्या कॉर्ड्स घेऊन. तिथे आधीच एक गिटारवाला बसलेला होता. दोन गिटारी एकदम वाजल्या की दोघांच्या कॉर्ड्सची टक्कर होते, म्हणून दुसऱ्यानं थांबायचं असतं. त्याला कोणी काही म्हणालं नाही. फक्त एक आजोबा त्याच्याशी संध्याकाळभर इतक्या प्रेमानं क्रिकेटबद्दल बोलत राहिले की गिटार पिशवीतून काढायला सवडच मिळाली नाही.

मग त्यानंही एक वर्ग धरला. तिथून आला आणि सहाही तारा वेगळ्याच लावू लागला. मी स्वयंपाकघरातून विचारलं, “हे काय लावतोयस?”

“डॅडगॅड. तारांची अक्षरंच ती. डी, ए, डी, जी, ए, डी.”

“पुन्हा छेड.”

त्यानं छेडलं. षड्ज, पंचम, षड्ज, मध्यम, पंचम, षड्ज. मी हातातला झारा तसाच धरून बाहेर आले. “अरे, हा तर तानपुरा आहे! पंचमातलाही आणि मध्यमातलाही, एकाच वेळी.”

ही लावणी डेव्ही ग्रॅहम या इंग्रज गिटारवादकानं 1960च्या दशकाच्या सुरुवातीला काढली, मोरोक्कोत ऊद ऐकून आल्यावर. आयर्लंडमध्ये ती आता इतकी मुरली आहे की लोकांना ती इथलीच वाटते. मला त्यात जे दिसलं ते असं: या मोकळ्या तारांमध्ये गंधार नाही. पाश्चात्त्य कॉर्ड आनंदी की उदास, हे गंधार ठरवतो. नेहमीसारखी लावलेली गिटार वाजवली की ती ऐकणाऱ्याला सांगून टाकते, आता हस, आता रड. ही गिटार सांगत नाही. ती खाली जमीन अंथरते आणि गंधाराची जागा रिकामी ठेवते. त्या रिकाम्या जागेत फिडलचा तो मधला, अनिश्चित गंधार येऊन उभा राहतो आणि त्याला कोणी चूक म्हणत नाही.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फिडलवादक मार्टिन हेझ व गिटारवादक डेनिस केहिल यांची ‘लाइव्ह इन सिॲटल’ ऐकायला सांगितली. माझ्या सिद्धान्ताला बहुधा तो टोलाच होता, कारण केहिलचं सगळं काम वाजवण्यापेक्षा गाळण्यातच आहे. तारा कशाही लावा, न वाजवलेल्या स्वरांना लावणी लागत नाही.

हेझ पूर्व क्लेअरमधल्या फीकलजवळचा. वडील पी. जो हेझ हे 1946 साली सुरू झालेल्या टल्ला केली बँडचे आधारस्तंभ, आत्याचे यजमान पॅडी कॅनी हेही नावाजलेले फिडलवादक. केहिल शिकागोत जन्मला, आईवडील केरीचे. दोघांची भेट शिकागोतच झाली आणि आधी त्यांनी चक्क एका विजेच्या गिटारींच्या रॉक बँडमध्ये हात आजमावले. 1997 साली त्यांची ‘द लोनसम टच’ आली, त्यानंतर 1999 साली ही सिॲटलची मैफल. त्यात पंचवीस मिनिटांहून लांब चालणारा एकच सलग संच आहे. सुरुवात ‘पोर्ट ना बूकी’नं, ब्लास्केट बेटांवरच्या कोळ्यांनी समुद्रावर भुतांकडून ऐकली असं सांगतात त्या धुनेनं. शेवटी जर्मन संगीतकार पाखेलबेलचं सुप्रसिद्ध कॅनन थट्टेथट्टेत येऊन जातं.

मधला प्रवास मला नीट सांगता येणार नाही. हेझ नाचाच्या धुना संथ वाजवतो, इतक्या संथ की नाचणारा पाय उचलून अधांतरी उभा राहील. धून तीच, बत्तीस आवर्तनंही तीच. पण एरवी लयीच्या मागे लपलेले स्वर इथे एकेक करून पुढे येतात. केहिल बराच वेळ एक-दोन स्वरच वाजवतो, कधी तेही नाही. मग कधीतरी, लक्षातही न येता, लय वाढू लागते. ‘रेकिश पॅडी’पर्यंत येता येता श्रोते ओरडायला लागलेले असतात. मी घरात एकटी होते, मीही ओरडले. ज्या ठिकाणी मी ओरडले, त्याच ठिकाणी डोळे भरून आले. हे दोन्ही एकत्र कसं होतं, ते माझ्या कुठल्याच सिद्धान्तात बसत नाही. केहिल 2022 साली गेला, त्यामुळे ही जोडी आता समोर बसून ऐकता येणार नाही.

ती मैफल ऐकली त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये फीकलच्या संगीत महोत्सवाला गेलो. दुपारी एका पबमध्ये दोन म्हातारे फिडलवादक शेजारी बसून वाजवत होते आणि मी नेहमीप्रमाणे रुमाल शोधत होते. रात्री सभागृहात नाच होता, क्लेअरचा लाडका कॅलेडोनियन सेट. एका धिप्पाड शेतकरीबुवांनी हात पुढे केला. मला येत नाही म्हणाले, तर ते म्हणाले, मला येतं, पुरे आहे. पुढचा बराच वेळ माझे पाय जमिनीला मधूनमधूनच लागले. बँड जी धून वाजवत होता ती वर्गात घोटलेलीच होती हे मला तिसऱ्या फेरीत कळलं. त्या धुनेनं दुपारी मला रडवलं होतं. आता घामानं ड्रेस पाठीला चिकटला होता, बुवा मला गरागरा फिरवत होते, आणि रडायला श्वासच शिल्लक नव्हता.

1935 साली इथल्या सरकारनं सार्वजनिक नाचांना परवान्याची अट घातली. पाद्र्यांचा आणि पोलिसांचा रोख घराघरांतल्या नाचांवरही वळला आणि स्वयंपाकघरातली फरशी हळूहळू शांत होत गेली. पबमध्ये बसून नुसतं ऐकायचं हे सेशन तर त्यानंतरचं. मला कधीकधी वाटतं, नाचायला बनवलेल्या धुनेसमोर आपण हात-पाय आवरून बसतो, म्हणून ती दुसरी वाट शोधते. बाईंना हे बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “तुला खूप कारणं सुचतात. दुसरा भाग बसला का?”

बसलेला नाही. पुढच्या महिन्यात आमच्या वर्गानं नाचणाऱ्यांसाठी वाजवायचं ठरलंय. बाईंनी अट घातली आहे: कोणी डोळे मिटायचे नाहीत, पायांकडे बघून वाजवायचं. गिटारीला एकच जागा आहे आणि ती वर्गातल्या दुसऱ्या, आमच्यापेक्षा बरं वाजवणाऱ्या माणसाला गेली. नवरा हार मानणाऱ्यातला नाही. इथे दोन चमचे मांडीवर आपटूनही साथ करतात, ते शिकायला त्यानं सुरुवात केली आहे, आणि आमच्या घरात आता आमटी वाढायला चमचा सापडत नाही.