खेळातली भरती

व्हिडिओ गेममध्ये रस्त्याकडेला दिसणारं होर्डिंग बहुतेकांना सजावट वाटतं. मी गेम डिझाइन करते. आमच्या लेखी ती भाड्याने द्यायची जागा असते. गेम बनवतानाच ती राखून ठेवतात. खेळणारा इंटरनेटला जोडलेला असला, की सर्व्हरवरून तिथे चित्र येतं. ते पडद्यावर केवढं दिसलं, कोणत्या कोनातून, किती वेळ, याचीही नोंद होते. २००७ साली या जागेत एक अनपेक्षित जाहिरातदार आला : जीसीएचक्यू, ब्रिटनची संदेशांवर पाळत ठेवणारी गुप्तचर संस्था. ‘स्प्लिंटर सेल : डबल एजंट’सारख्या गेममध्ये तिच्या नोकरभरतीच्या जाहिराती झळकल्या. संगणकात रमणारी तरुण मंडळी तिला हवी होती आणि ती इथेच भेटणार होती. या जाहिरातीबद्दल माझी तक्रार नाही. ती जाहिरात म्हणूनच समोर आली. बघायची तर बघा, नाहीतर पुढे चला.

अमेरिकी लष्कराने त्याआधीच अख्ख्या गेमचीच जाहिरात बनवली होती. कर्नल केसी वॉर्डिन्स्की यांच्या कल्पनेतून ४ जुलै २००२ रोजी ‘अमेरिकाज् आर्मी’ फुकट खुला झाला. डिझायनर म्हणून त्याला दाद द्यावीच लागते. जखमींवर उपचार करणारा सैनिक व्हायचं, तर आधी वर्गात बसून प्रथमोपचाराचे धडे घ्यावे लागत. साथीदारांवर गोळ्या झाडणाऱ्याची रवानगी लेव्हनवर्थच्या तुरुंगात होई. शिस्त इतकी खरी! पण दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना आपला संघ अमेरिकी आणि समोरचा शत्रू दिसे. रक्त नावापुरतं, आणि मेलेला पुढच्या फेरीत पुन्हा उभा. पाय गमावून घरी परतलेला सैनिक त्यात कुठेच नव्हता. आणि तेरा वर्षांची मुलं हा गेम खेळत होती. २०२२ मध्ये तो बंद झाला.

तोवर लष्कराचे भरतीवाले ट्विचवर, म्हणजे गेम खेळताना थेट दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, पोचले होते. २०२० मध्ये लष्कराच्या ई-स्पोर्ट्स चमूच्या वाहिनीवर महागडा कंट्रोलर जिंकण्याची लिंक दिसायची; दाबली की उघडायचा भरतीचा फॉर्म. ओरड झाल्यावर ट्विचने ती काढायला लावली. अशा भरतीवरचा खर्च रोखण्याची खासदार अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांची सूचना मात्र अमेरिकी प्रतिनिधीगृहाने फेटाळली.

आपल्याकडेही २०१९ मध्ये भारतीय हवाई दलाने मोबाइल गेम आणला. त्यामागे तरुणांना दलाकडे ओढण्याचा हेतू आहे, हे उघड सांगितलं गेलं. हा उघडेपणा मला मोलाचा वाटतो.

सैन्यात जाणं हा मानाचा निर्णय आहे; म्हणूनच तो बक्षिसाच्या आमिषाने घडवून आणू नये. गेममधल्या भरतीच्या जाहिरातीवर देणाऱ्याचं नाव ठळक असावं, अल्पवयीनांची माहिती गोळा करू नये आणि अर्जाला अर्जच म्हणावं. पालकांनो, मुलांचा गेम हिसकावून घेऊ नका. शेजारी बसा आणि हा गेम कोणी, कशासाठी फुकट दिला, हे त्यांच्यासोबत शोधा.