भुकेची मुखत्यारी

गेली काही वर्षे माझी घ्राणशक्ती हळूहळू उणावत गेली, आणि तिच्यामागोमाग भूकही मागे सरली. मेथीची फोडणी पडली की पूर्वी पलीकडच्या खोलीतही जी वर्दी मिळे ती आता मिळत नाही. दुपारचा एक वाजला म्हणून पानावर बसायचे, पोटाने मागितले म्हणून नव्हे, अशी वहिवाट पडून गेली आहे. उतारवयातील ही क्षुधामंदता मामुली आहे व तिच्याविषयी माझी तक्रारही नाही. परंतु जिने आपले आयुष्य दुसऱ्यांना जेवू घालण्यात, आणि त्यातही ॲनोरेक्सियातून उठणाऱ्या मुलींना पुन्हा अन्नाशी आणून भिडवण्यात खर्च केले, तिच्याच देहातून भूक निघून जावी, हा योग मला अस्वस्थ करून गेला. ज्यांना मी घड्याळ दाखवून जेवायला बसवले त्यांच्याच पंक्तीला आज मी बसले आहे, आणि तेथून माझ्या व्यवसायातला एक जुना, न सुटलेला प्रश्न निराळा दिसू लागला आहे.

विषमज्वरातून उठलेला, भाजलेला, शस्त्रक्रियेनंतर खाटेला खिळलेला, अशा कोणत्याही रोग्याच्या बाबतीत आहारतज्ज्ञाचा सर्वांत भरवशाचा सहकारी म्हणजे त्या रोग्याची भूक. ती परतली की आमचे निम्मे काम तीच करते. ॲनोरेक्सियात नेमका हाच सहकारी बेभरवशाचा ठरतो. उपाशी देहाची मालकीण चार घासांत पोट भरले म्हणते, आणि ती खोटे बोलत नसते, कारण दीर्घ उपासमारीत जठर रिकामे होण्याची गतीच मंदावलेली असते. सबब भुकेला काही काळ कारभारातून बाजूस सारावे लागते: ठरल्या वेळी खायचे, ठरले तेवढे खायचे, मग इच्छा असो वा नसो. येथवर या कामातील कोणाचेही दुमत नाही. मतभेद आहे तो पुढे: काढून घेतलेली ही मुखत्यारी भुकेला परत द्यायची केव्हा, आणि ती चालवण्यास भूक लायक झाली हे ओळखायचे कशावरून? याचे उत्तर मला तरुणपणी येत नव्हते आणि आजही खात्रीने येते असे म्हणवत नाही.

पुन्हा जेवू घालण्याच्या पहिल्या आठवड्याविषयी मी फारसे लिहीत नाही. अन्न मिळताच इन्सुलिन वाढते, रक्तातील फॉस्फेट पेशींत ओढले जाते आणि अशक्त हृदय दगा देऊ शकते. म्हणून थायामिन आधी द्यावे, रक्त रोज तपासावे आणि हा टप्पा घरी नव्हे तर वैद्यकीय देखरेखीखाली पार पाडावा, हे सहकाऱ्यांना सांगणे नलगे. माझ्या उमेदीच्या काळात या भीतीपोटी आम्ही फार थोड्याने आरंभ करीत असू. पुढे सॅन फ्रान्सिस्को व स्टॅनफर्ड येथील तज्ज्ञांनी रुग्णालयात दाखल झालेल्या किशोर व तरुण रोग्यांत १४०० आणि २००० उष्मांक अशा दोन आरंभांची तुलना केली. अधिकाने आरंभ केलेल्यांची प्रकृती लवकर स्थिरावते आणि क्षारांचे बिघाड त्यामुळे वाढत नाहीत, असे त्यांनी दाखवले तेव्हा मला मनापासून समाधान वाटले. कारण आमच्या सावधगिरीत त्या मुलींचे दिवस किती रेंगाळत, हे मी त्यांच्या खाटेपाशी बसून पाहिले होते.

खरा कठीण काळ त्यानंतरचा; आणि त्याविषयीचे सर्वांत तपशीलवार दप्तर मुलींचे नसून धडधाकट पुरुषांचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी, युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेल्या ३६ तरुणांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवले आणि मग पुन्हा जेवू घातले. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन खंडांत जे नोंदले आहे ते वाचताना मला माझ्या कक्षातील एकेक मुलगी आठवते. त्या तरुणांना सदैव थंडी वाजे, नाडी मंदावली होती, स्वयंपाकाची पुस्तके जमवण्याचा छंद काहींना लागला, आणि मित्रमंडळ नकोसे झाले. यातील एकालाही कृश होण्याची हौस नव्हती. आपल्याकडे ज्या वागण्याला हट्ट किंवा खोड म्हणून नावे ठेवली जातात त्यातील बरेचसे निव्वळ उपासमारीचे कर्म आहे, हे त्या दप्तराने कायमचे सिद्ध केले. आणि जेवण पुन्हा सुरू झाल्यावर काय झाले? जादा जीवनसत्त्वे किंवा जादा प्रथिने दिल्याने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो एकंदर अन्न वाढवल्यावरच, आणि कित्येक महिने दिवसाला सुमारे ४००० उष्मांक लागतात, असा निष्कर्ष कीज यांनी काढला. निर्बंध उठल्यावर कित्येकांची अवस्था अशी झाली की पोट तडस लागेपर्यंत भरले तरी भूक कायम. याच आकड्यांची १९९७ मध्ये अब्दुल डुल्लू व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा छाननी केली, आणि मेद पूर्ववत झाला तरी स्नायू व इतर ऊती मागे असेपर्यंत ती अनावर भूक मागणी करीतच राहते, असा अर्थ त्यातून निघाला.

म्हणजे आधी मूक, मग अनावर, आणि या दोहोंनंतर केव्हातरी शहाणी, असा भुकेचा प्रवास आहे. आणि यातील मधल्या मुक्कामावर आमच्या मुली सर्वांत जास्त घाबरतात. पायांना सूज येते, चेहरा फुगतो, रात्री घामाने अंथरूण भिजते, आणि शरीर प्रथम भरते ते पोटाच्या भागात, जिथे त्या मुलीची नजर रात्रंदिवस खिळलेली असते. मेदाची ही विषम वाटणी पुढील वर्षभरात बहुधा सावरते. पण अठराव्या वर्षी, आरशासमोर, एक वर्ष ही मुदत कोणाला खरी वाटावी? अशाच एका मुलीने मला विचारले होते, “मॅडम, आधी मला भूकच लागत नव्हती, आता थांबतच नाही. यातली माझी कुठली?” तिला मी सांगितले की अजून दोन्हीही नाहीत. तिचे समाधान झाले की नाही, हे मला कळले नाही. माझे आजतागायत झालेले नाही.

या मधल्या काळात आमच्या हाती असते ते एवढेच की थोड्या आकारमानात पुष्कळ अन्न बसवावे. गाईच्या दुधात शंभर ग्रॅममागे ६७ उष्मांक व म्हशीच्या दुधात ११७, शेंगदाण्यात ५६७, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या गोपालन प्रभृतींच्या जुन्या पुस्तकातले आकडे माझ्या पिढीला तोंडपाठ असत. मऊ भात, मेतकूट आणि वर तुपाची पळी. खजूर घालून आटवलेले दूध. दाण्याचे कूट सढळ हाताने घातलेली बटाट्याची भाजी. लोण्याचा गोळा ठेवलेले थालीपीठ. काकडी-गाजराच्या कोशिंबिरीला काही आठवडे रजा. पण हे सारे मोजायचे कसे? आम्हांला माप हवे, आणि जी मुलगी आकड्यांच्याच तावडीत सापडली आहे तिच्या डोळ्यांदेखत तराजू ठेवणे म्हणजे रोगाच्या हाती हत्यार देणे. म्हणून मी वाटी, पळी आणि डाव यांवर हात बसवला. पळीतून किती तूप पडले हे धारेवरून सांगता येणे, ही माझ्या आयुष्यातील अशी एक विद्या आहे की जिचा मला उघड अभिमान वाटतो, आणि शिकाऊ मुलींसमोर ती दाखवण्याची संधी मी सहसा सोडत नाही.

ही विद्या आता कोणाला हवी आहे, असे वाटण्यासारखे दिवस आले आहेत. पूर्वी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यात आचाऱ्याला हाक मारून एखादीच्या वरणाला वेगळी फोडणी घालून घेता येई. आता कित्येक ठिकाणी ठेकेदाराकडून झाकणबंद ताटे येतात आणि मुलीच्या तोंडाची चव विचारण्याची सोय उरत नाही. त्याची भरपाई म्हणून भुकटीचे डबे येतात. संकटकाळी भुकटीने प्राण वाचतात हे मी जाणते, पण तिच्यावरच सारा भार टाकणाऱ्यांना मी बेल्सनची हकिकत सांगते: एप्रिल १९४५ मध्ये ती छळछावणी मुक्त झाली तेव्हा, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात गुणकारी ठरलेले तांदूळ व साखरेचे मिश्रण तेथे देण्यात आले, आणि मरणाच्या दारातले ते युरोपीय लोकही ते घेईनात, कारण ती चव त्यांची नव्हती; लाल मिरचीची सौम्य पूड मिसळल्यावर ते काहीसे घशाखाली उतरले. उपासमारीची परिसीमा झाली तरी जीभ आपले गाव विसरत नाही. आणि आमच्याच पदवीच्या जोरावर गल्लोगल्ली वजन उतरवण्याची दुकाने थाटणाऱ्या व्यवसायबंधूंविषयी तर मला बोलवत नाही. पंधरा वर्षांच्या, अजून वाढ पुरी न झालेल्या मुलीला तिची आई तेथे नेते, आणि तेथून निघालेली वाट काही जणींना माझ्या कक्षापर्यंत आणते.

वैद्यांशीही माझे एक भांडण जुने आहे. पाळी थांबली म्हणून गोळ्या द्यायच्या, गोळ्यांनी रक्तस्राव झाला की प्रकृती सुधारल्याचा दाखला द्यायचा, हा व्यवहार मला मान्य नाही. तो स्राव गोळीचा असतो. शरीराने स्वतःहून दिलेली ग्वाही त्याने बुजून जाते, आणि किशोरवयात भरायची हाडे त्या गोळ्यांनी भरत नाहीत. हाडांना हवे असते पुरेसे अन्न, पुरेसे वजन आणि त्यातून आपोआप परतलेली पाळी. प्रत्येकीचे योग्य वजनही कोष्टकातून उचलता येत नाही. शाळेच्या आरोग्यपत्रकावरून तिची आजारापूर्वीची वाढ कोणत्या रेषेने चालली होती हे पाहावे लागते. ठरावीक आकडा गाठला की घरी पाठवणाऱ्यांना ही उसाभर नको असते, आणि मुलगी घरी जाते ती नेमकी त्या मधल्या मुक्कामावर, तिची भूक सर्वांत बेलगाम असताना.

लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८० च्या दशकात आकाराला आलेल्या पद्धतीने या घरी जाण्याला निराळा अर्थ दिला: मुलीला जेवू घालण्याचा अधिकार आईबापांकडे सोपवायचा, टप्प्याटप्प्याने तो मुलीला द्यायचा, आणि आम्ही पाठीशी उभे राहायचे. ती पद्धत मी स्वीकारली, तिचे चांगले परिणाम पाहिले. परंतु माझ्या मनाला ती सुखासुखी रुचली नाही हे सांगितले पाहिजे. जी मुलगी आईच्या हातचे खात नाही ती माझ्या हातचे खाते, या गोष्टीत मला एक गोड मद होता. आईने भरवलेल्या घासाने मुलगी सावरू लागली की मी आनंदी होई, आणि त्या आनंदाच्या तळाशी थोडे हिरमुसलेपणही असे.

घरी गेल्यावर पहिला सामना होतो तो उपवासाशी. संकष्टी, एकादशी, नवरात्र; आपल्याकडे न खाण्याला पुण्याचे पाठबळ आहे, आणि आजारलेले मन त्या पाठबळाचा आधार घेते. आई म्हणते, “मॅडम, देवाचं आहे, नाही कसं म्हणू?” मी सांगते की आजाऱ्याला उपवासातून सूट आहे हे तुमच्या आजीलाही मान्य होते, आणि ही मुलगी डॉक्टर सांगतील तोवर आजारीच आहे. येथे मी अणुमात्र सवलत देत नाही.

आता माझ्या हाताखाली आलेली एक तरुण आहारतज्ज्ञ माझ्या जागी लवकरच बसणार आहे, आणि मुखत्यारीच्या प्रश्नावर तिचे माझे जमत नाही. ती म्हणते, “मॅडम, पंचविसाव्या वर्षीही जी घड्याळ बघून जेवते, ती बरी झाली असं मी कसं लिहू?” मुलीने न ठरवता रस्त्यावरचे कणीस खाल्ले, एके दिवशी जास्त आणि दुसऱ्या दिवशी कमी जेवली व त्याचा हिशेब मनात ठेवला नाही, पानात उरलेल्या घासाला काही अर्थ उरला नाही, की भुकेला कारभार द्यावा, असे तिचे मत. ही लक्षणे मलाही मान्य आहेत. पण ती दिसल्यावरही, परीक्षा, प्रवास, लग्नघर, साधा ताप, अशा कोणत्याही निमित्ताने भूक पुन्हा गप्प बसते, आणि अशा वेळी घड्याळाची सवय मोडलेली असेल तर मुलीला धरायला काही उरत नाही, हे मी पाहिले आहे. म्हणून मी सहा महिने, वर्षभर, अधिक थांबते. घड्याळाने जेवणे ही पंगूपणाची खूण आहे असे पूर्वी मलाही वाटे. आता मी स्वतः तसेच जेवते, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही, देहाशी राखलेले इमान वाटते.

तरीही तिच्या म्हणण्यात तथ्य असण्याचा संभव मी नाकारत नाही. माझी भूक वयाने गेली, त्या मुलींची आजाराने. माझी परत येणार नाही, त्यांची यावी म्हणून तर हा सारा खटाटोप. म्हातारीच्या पथ्याचे माप तरुण मुलीला लावण्याचा मोह मला होत असेल तर तो रोखायला ती समोर आहे, हे बरेच आहे. तिचा निर्णय खरा ठरावा आणि मुली माझ्या अंदाजापेक्षा लवकर मोकळ्या व्हाव्यात, अशी माझी इच्छा आहे. मात्र त्या मोकळ्या करण्याच्या कागदावर शेवटची सही माझी असावी, हीही इच्छा आहेच, आणि या दोहोंतील दुसरी अजून तितकीच बळकट आहे.