पाण्यामागून

आषाढ लागला की अकोले तालुक्यातले डोंगर दिसेनासे होतात. कळसूबाई, अलंग, रतनगड, सगळे ढगांत शिरतात आणि मागे उरतो तो आवाज. कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचा, फेसाळत धावणाऱ्या ओढ्यांचा, भातखाचरांत आवणीला वाकलेल्या बायांच्या बोलण्याचा. घाटघर-रतनवाडीच्या बाजूला एका पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला, पारनेर-कर्जतकडे, सबंध वर्षात पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक समाधानाने म्हणतात, यंदा बरा झाला. सतरा हजार चौरस किलोमीटरचा हा जिल्हा, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा. एका टोकाला चिंब आणि दुसऱ्या टोकाला तहानलेला. इथे काय काय पाहण्यासारखं आहे, असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून एकच उत्तर येतं: पाण्यामागून जा. बघण्यासारखं जे आहे ते सगळं त्याच वाटेवर भेटतं.

सुरुवात रतनवाडीपासून करावी. गावात अमृतेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे. काळ्या दगडातलं कोरीवकाम पावसात भिजलं की आणखी उठून दिसतं. शेजारी पुष्करणी, तिच्या भिंतींत देवकोष्ठं. देवळामागे रतनगडाचा डोंगर उभा आणि त्याच्या माथ्यावर वाऱ्याने आरपार पोखरलेलं नेढं. याच डोंगरावर प्रवरा उगम पावते. उगमाजवळची नदी पाहायला मला फार आवडतं. पुढे जिच्यावर धरणं बांधली जातात, जिच्या पाण्यासाठी तालुके एकमेकांशी भांडतात, ती इथे सहज एका ढांगेत ओलांडता येते. लोक तिला अमृतवाहिनी म्हणतात. हे नाव लक्षात असू द्यावं, शेवटी त्याच्याकडे यायचं आहे.

इथला सगळा खडक आगीतून आलेला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले, थंड झाले, आणि सह्याद्रीच्या कड्यांवर आज दिसणाऱ्या आडव्या पट्ट्या तयार झाल्या. थंड होताना खडकाला भेगा पडल्या. मग पाणी आलं आणि त्या भेगांतून वाट काढत राहिलं. साम्रदजवळची सांधण दरी या उद्योगाचा सर्वांत धीट नमुना. पठारावरून चालताना पुढे काही आहे याची चाहूलही लागत नाही. झाडी संपते, जमीन चिरलेली दिसते आणि आपण त्या चिरेत उतरू लागतो. दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे फुटांच्या भिंती. काही ठिकाणी हात पसरले तर दोन्हीकडचा खडक बोटांना लागतो. भर दुपारी ऊन थोडा वेळ तळाशी येतं आणि लगेच भिंतीवर चढून जातं. पायाखाली मोठाले दगड, मध्ये गार पाण्याचे डोह. सावलीतलं ते पाणी उन्हाळ्यातही हाडांपर्यंत जातं. चालत राहिलं की अखेर भिंती दूर होतात आणि समोर एकदम कोकण उघडतं. पावसाळ्यात इथे उतरायचं नसतं. तेव्हा ही वाट पाण्याची असते आणि पाणी तिथे दुसऱ्या कुणाला थारा देत नाही.

कळसूबाईला बारी गावातून चढतात. 1646 मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, पण माथ्यावरच्या छोट्याशा देवळापर्यंत नवरात्रात म्हाताऱ्या बायाही चढून येतात. कळसू ही कोळ्यांची पोर. एका घरी कामाला राहिली ती अट घालून, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. पुढे एकदा घरच्यांनी नेमकं तेच काम सांगितलं. ती उठली आणि डोंगरावर निघून गेली, ती कायमची. राज्यातल्या सर्वांत उंच जागी बसलेली देवी ही आपला शब्द राखणारी एक कामकरी मुलगी आहे, हे मला त्या उंचीहूनही मोठं वाटतं.

दक्षिणेला हरिश्चंद्रगड. पाचनईच्या वाटेने वर गेलं की हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर लागतं आणि जवळच केदारेश्वराची लेणी. आत छातीपर्यंत पाणी, मधोमध भलंमोठं शिवलिंग. भोवती चार खांब होते, त्यातला एकच धड उभा आहे. प्रदक्षिणा घालायची तर पाण्यातूनच घालावी लागते. तिथून पश्चिमेकडे चालत गेलं की कोकणकडा येतो. हा कडा सरळ खाली जात नाही, आत वळतो, त्यामुळे काठावर पालथं झोपून पाहिलं तर आपल्याखाली नुसतं आभाळ असतं. 1835 मध्ये कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या कड्यावरून इंद्रवज्र पाहिलं, म्हणजे खालच्या धुक्यात उमटलेलं पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य. आजही ढग, ऊन आणि पाहणारा यांचा मेळ नेमका जुळला तर ते दिसतं.

पण या गडावर उभं राहिलं की मला आठवतं ते दुसरंच. इथे पडलेलं पाणी तीन दिशांना जातं. कड्यावरून पडलेलं कोकणात उतरून अरबी समुद्र गाठतं. उत्तर अंगाचं मंगळगंगेतून मुळेत, मुळेतून प्रवरेत आणि पुढे गोदावरीत जातं. दक्षिणेला खिरेश्वरकडे वाहिलेलं पिंपळगाव जोगा धरणात साठतं आणि कुकडीच्या खोऱ्यातून भीमेची, म्हणजे कृष्णेची वाट धरतं. एकाच ढगातल्या शेजारच्या दोन थेंबांपैकी एक पंढरपूर पाहतो आणि दुसरा पैठण.

दक्षिणेच्या पाण्यामागून गेलं की पारनेर तालुक्यात निघोज लागतं. सभोवार कोरडा मुलूख, आणि मध्येच कुकडीचं पात्र उघड्याबोडक्या काळ्या खडकात खोल गेलेलं. त्या खडकात शेकडो रांजणखळगे आहेत. काही वाटीएवढे, काही माणूस आत उभा राहील एवढे. मळगंगेच्या देवळापाशी, पाणी कमी असताना, अशाच एका खळग्याच्या काठावर बसावं. आतल्या भिंतीवरून हात फिरवावा. ती इतकी गुळगुळीत असते की दगडाला स्पर्श केल्यासारखं वाटतच नाही. गोल गोल उतरत गेलेल्या उथळ खुणा बोटांना कळतात. तळाशी गढूळ पाणी आणि त्यात पाच-सात गोटे. त्यातला एखादा उचलून पाहावा. कुठे कोपरा नाही, कुठे कंगोरा नाही. पूर आला की भोवऱ्यात सापडलेले हे गोटे गरागरा फिरतात, खडक घासतात आणि स्वतःही झिजतात. हजारो वर्षं हे असंच चाललेलं आहे. गोटा खिशात घालण्याचा मोह होतो, पण तो होता तिथे ठेवावा. पुढच्या पुरात त्याला काम आहे.

उत्तरेची प्रवरा मात्र लवकरच माणसाच्या कामाला लागते. भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 मध्ये पुरं झालं. दगडी बांधकामाची ती उंच भिंत शंभर वर्षं पाणी अडवून उभी आहे. धरणाखाली रंधा धबधबा नदीला एका उडीत घळीत घेऊन जातो. पुढे संगमनेर आणि मग उसाचा हिरवागार पट्टा. 1950 मध्ये लोणीला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच पाण्याच्या भरवशावर. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी तिथे शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केलं. नदी पुढे नेवाशाला जाते आणि प्रवरासंगमाला गोदावरीत मिसळते. नेवासं म्हणजे ज्ञानेश्वरीचं गाव. शके 1212 मध्ये याच काठावर ती सांगितली गेली आणि तिच्या शेवटी मागितलेलं पसायदान सगळ्यांसाठी होतं, एकही जीव न वगळता.

नेवाशात मोहिनीराजाचं देऊळ आहे. समुद्रमंथनानंतर विष्णूने मोहिनी होऊन अमृत वाटलं ते इथेच, अशी श्रद्धा आहे. म्हणजे प्रवरेच्या उगमाशी अमृतेश्वर आणि शेवटाला अमृताची पंगत. सबंध नदीच अमृताच्या गोष्टीत ओवलेली. त्या गोष्टीत सगळ्यांत अवघड भाग अमृत मिळवण्याचा नव्हता, वाटण्याचा होता.

चैत्रात पुन्हा वर अकोल्याच्या डोंगरात गेलं की हे फार जाणवतं. जिथे चार हजार मिलिमीटर पाऊस कोसळला, तिथल्याच काही वाड्यांमध्ये बाया हंडे घेऊन झऱ्यावर रांगेत बसलेल्या असतात. काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही, उतारावर थांबत नाही. ते धरणात जातं, धरणातून कालव्यात, कालव्यातून दूरच्या शेतात. ज्यांच्या छपरावर ते आधी पडलं, ज्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांच्या जमिनी जलाशयाखाली गेल्या, त्यांच्या घागरीत ते सर्वांत शेवटी येतं. मे सरता सरता याच डोंगरांतल्या झाडांवर काजवे लखलखतात. हिरडा, बेहडा, सादड्याच्या फांद्या एका लयीत उजळतात आणि विझतात, आणि ते पाहायला शहरांतून गाड्यांच्या रांगा लागतात. तो काजव्यांच्या मीलनाचा काळ. हेडलाइट आणि टॉर्चच्या झोतात त्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. गाडी गावाबाहेर लावून, दिवे मालवून अंधारात उभं राहायला काहीच खर्च येत नाही.

या जिल्ह्यावर माझं प्रेम आहे, आणि ते इतरांनाही लागावं असं मनापासून वाटतं. म्हणून सांगतो, इथे जरूर या. गावातल्या घरी नाचणीची भाकरी खा, वाट दाखवणाऱ्या पोराला त्याच्या कष्टाचे पैसे द्या, आपला कचरा आपल्यासोबत न्या. आणि जेवताना समोर आलेल्या तांब्यातलं पाणी कुठून भरून आणलं, हे घरच्या बाईला विचारा. त्या उत्तरातून हा मुलूख जेवढा कळतो तेवढा कुठल्याही कड्यावरून कळत नाही. देवादिकांचं अमृत नेवाशाला वाटून झालं असेल, पण रतनगडावर पडलेल्या पाण्याची वाटणी अजून पुरी व्हायची आहे. साम्रदच्या आणि रतनवाडीच्या घरांत भर मे महिन्यात पोटभर पाणी पोचेल, तेव्हा प्रवरेला अमृतवाहिनी म्हणायचा हक्क आपल्याला खऱ्या अर्थाने मिळेल.