दगड खाणारा गडी

जंतू म्हटला की आपल्याला पटकी आठवते, विषमज्वर आठवतो. निदान नासलेले दूध तरी! जंतूंची जातच वाईट, या समजुतीवर आपल्या घराघरांतले पाणी उकळत आले आहे. पण अलीकडे एका जंतूविषयी मला मोठा आदर वाटू लागला आहे. तो दगड खातो!

खातो म्हणजे, लोखंड आणि गंधक असलेल्या खनिजाचा प्राणवायूशी संयोग घडवून तो पोटापुरती शक्ती मिळवतो. अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणींतून झिरपणाऱ्या आंबट पाण्यात कोल्मर आणि हिंकल या शास्त्रज्ञांना १९४७ साली तो सापडला. अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हे त्याचे आजचे नाव. नाव एवढे लांब, पण एका मिलिमीटरात असे पाचशे जण सहज ओळीने उभे राहतील!

चिंच लावून आपण तांब्याचा बंब घासतो, तेव्हा वरचा काळा थर विरघळून जातो. हा जंतूही काहीसे तसेच करतो. खाणवाल्यांनी टाकलेल्या दगडांत पुष्कळदा शेकडा अर्धा भागही तांबे नसते. त्यासाठी भट्टी पेटवणे परवडत नाही. मग त्या ढिगावर आंबट पाणी सोडतात. महिनोन्‌महिने जंतू राबतात आणि तांबे पाण्यात उतरते. त्या पाण्यात मोडीचे लोखंड टाकले की लोखंड विरघळते, तांबे खाली बसते. स्पेनमधल्या रिओ टिंटोला जंतूचा पत्ता लागण्याच्या कितीतरी आधीपासून लोक असे तांबे काढत होते. जंतूंच्या साहाय्याने चालणाऱ्या कृतीचे पेटंट अमेरिकेतल्या केनेकॉट कंपनीने १९५८ साली घेतले.

“आणि पगार?” आमच्या घरातून प्रश्न आला.

“हवा, पाणी आणि दगड!”

“मग असल्या फुकटच्या गड्यावर नजर ठेवायला हवी.”

बोलणे थट्टेचे, पण खरे होते. उघड्या टाकलेल्या ढिगावर पाऊस पडला की हाच जंतू हेच काम करतो. मात्र ते आम्ल आणि ते धातू ओढ्यात उतरतात. मासे मरतात, पाणी तोंडात घालवत नाही. ढिगाखाली अस्तर घालावे की नाही, हे ठरवायला जंतूला डोके नाही. ते आपल्याला आहे. दिवाळीच्या रोषणाईच्या तारांतही तांबेच असते, आणि ते निघाले त्या खाणीशेजारीही एखादे गाव असते. तिथल्या ओढ्याची राखण तांब्याच्या किमतीतच धरायला हवी. बंब चार पैशांनी महाग पडला तर पडू द्या!