मोहफुलांचे स्कोन

स्कोन हा इंग्रजांचा पदार्थ असला तरी आहे आळशी माणसाच्या सोयीचा. यीस्ट नको, पीठ आंबवत बसणं नको. 2 वाट्या पीठ (मी अर्धा मैदा, अर्धी कणीक घेते), 2 चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि 50 ग्रॅम थंडगार लोणी. लोणी बोटांच्या टोकांनी पिठात चुरायचं आणि रवाळ झालं की अर्धी-पाऊण वाटी दूध घालून गोळा करायचा. मळायचं मात्र नाही हं! पोळ्या करणारे हात इथे आवरावे लागतात, नाहीतर स्कोन दगड होतात. बोटभर जाड थापायचं, वाटीने गोल कापायचं आणि 200 अंशांवर 15 मिनिटं भाजायचं. झाली न्याहारी.

त्यात घालतात मनुका. आता मनुका काही आमच्या भंडाऱ्याच्या नाहीत. पण वाळल्यावर थेट मनुकांसारखं दिसणारं एक फूल इथे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली सडा घालतं. मोहफूल! जाड, रसाळ पाकळ्यांचं, साखरेने भरलेलं. साकोलीच्या बाजारातून अर्धा किलो आणलं, चोळून केसर काढले, तीन पाण्यांनी धुतलं, तासभर भिजवलं, चिरलं आणि तव्यावर जरासं परतून घेतलं. परतल्याने तो उग्र वास बराच कमी होतो.

तरी वास लपला नाहीच. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "दारूचं फूल सैपाकघरात काऊन आणलंस वं?"

त्यांचा धाकटा भाऊ दारूपायी गेला, चाळिशीच्या आतच. तेव्हापासून या घरात मोहाचं नाव निघत नाही. मी तरी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार, की फुलाचा काय दोष? 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली सरकारनेही या फुलाच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर बंधनं घातली होती. ती सैल व्हायला 2021 उजाडलं. जंगलाकाठची माणसं ज्या फुलावर उन्हाळा काढत आली, त्याला आपण हातभट्टीपलीकडे ओळखच ठेवली नाही, याचा मला राग येतो. पण हा राग सासूबाईंसमोर काढण्यासारखा नव्हता. त्यांनी जे भोगलं, त्यापुढे माझं पाककौशल्य ते काय!

असो. स्कोन भाजून झाले. मुलांनी भराभर दोन-दोन उचलले. मोह गरम झाला की काळ्या गुळासारखा लागतो, मनुकांचा आंबटपणा त्यात अजिबात नाही, त्यामुळे पिठात साखर घालायची गरजच पडत नाही. वर लोणी हवंच.

बऱ्याच वेळाने सासूबाईंनी अर्धा तुकडा मोडला. लोणी नाही, जवसाची चटणी घेतली. खाता खाता म्हणाल्या, की त्या लहानपणी अंधारातच टोपली घेऊन मोहाखाली जायच्या. पावसाळ्यात घरातले तांदूळ संपत आले की त्यांची माय वाळली फुलं उकडायची, भाजलेले तीळ कुटून त्यात घालायची आणि सकाळी मुलांच्या हातावर एकेक मूठ ठेवायची. हे सगळं मी पहिल्यांदाच ऐकत होते. भाऊही त्या मुठीसाठी भांडायचा म्हणे.

"तुझं हे कोरडं होते," त्या म्हणाल्या. "मायचं मऊ राहे."

मोहाचा डबा मात्र त्यांनी पडवीत ठेवायला लावला. अजून तिथेच आहे.