चौथाई पोरं बधलीच नाहीत!

रात्रीचा दीड वाजलाय, सकाळी सहा दहाची लोकल गाठायचीय आणि माझी झोप पार उडालीय. कारण? तीन रेघा!

एका पांढऱ्या कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. त्या तिघींतली पहिलीएवढी कोणती, एवढंच सांगायचं. बालवाडीतलं पोरही चुकणार नाही. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं 1950 च्या सुमारास अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना हे विचारलं. मेख अशी, की एकत्र बसवलेल्या सात-आठ जणांत खरा बकरा एकच, बाकीचे आधीच पढवून बसवलेले. ते एकामागून एक बिनदिक्कत चुकीची रेघ सांगत जाणार आणि मग शेवटाकडे बसलेल्या या बिचाऱ्याची पाळी येणार. अठरा फेऱ्यांपैकी बारांमध्ये हेच! एरवी शंभरात एखादी चूक व्हायची, या बारा फेऱ्यांत मात्र शंभरातली सदतीस उत्तरं घोळक्यामागे गेली.

(ॲश मूळचा वॉर्साचा. सात वर्षांचा असताना ज्यूंच्या एका सणाच्या रात्री प्रेषित एलियासाठी वाइनचा प्याला भरून ठेवलेला. काका म्हणाले, नीट बघ, कमी होईल. आणि पोराला ती खरंच किंचित उतरलेली दिसली!)

माणूस म्हणजे मेंढरू, असंच हा प्रयोग सांगून मला आजवर ऐकवलं गेलं. पण अहो, उरलेल्या त्रेसष्ट उत्तरांचं काय? जवळजवळ चौथाई पोरं बारापैकी एकदाही बधली नाहीत! मला वाटलं, जन्मजात बेडर असणार. छे! ॲशनं नंतर त्यांना बोलतं केलं, तर त्यांतलेही कित्येक आतून हललेले. आपलेच डोळे बिघडले की काय, असं वाटूनही त्यांनी दिसलं तेच सांगितलं होतं.

पुढचं वाचून तर मी अंथरुणातून उठूनच बसले. घोळक्यात खरं सांगणारा एकच जण पेरला, की मान डोलावणं चौथ्या हिश्शावर येतं. एकच! मग मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅम शोधला. तोच तो, 1961 साली येल विद्यापीठात विजेच्या झटक्यांचा प्रयोग सुरू करणारा. हुकूम झाला, की बटण दाबून दुसऱ्या माणसाला झटका द्यायचा. झटके खोटे, पण बटण दाबणाऱ्याला ते ठाऊक नाही. 40 पैकी 26 जण शेवटच्या 450 व्होल्टपर्यंत गेले. पण शेजारी बसवलेले दोघं मध्येच ‘आम्ही नाही करणार’ म्हणाले, तेव्हा? 40 पैकी फक्त 4!

आणि मला आमच्या सोसायटीची सभा आठवली. वॉचमनची खोली पाडून तिथं दोन गाड्यांची सोय करायची, असा ठराव. ‘कुणाचा विरोध?’ सगळे मोबाइलमध्ये. मीही चपलेचा अंगठा निरखत बसलेले. तेवढ्यात पुढच्या रांगेतून बांगड्या किणकिणल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हात वर केला होता. तो इतका थरथरत होता, की बांगड्या थांबतच नव्हत्या. मग माझा हात वर गेला. मग आणखी चार. ठराव बारगळला.

ही गोष्ट मी आजवर दहा ठिकाणी तरी सांगितली असेल. दर वेळी ‘मी विरोध केला’ अशीच.